परतकाका

परतकाका माझ्या दुकानात आले की बसायच्या आधी टेबलावरच्या उघड्या पेनाला टोपण लावायचे. मग पेन डब्यात, डबा फोनशेजारी, आणि फोनच्या वायरीला पडलेला पीळ सोडवून वायर सरळ. एवढं झालं की खुर्ची ओढायची. उठताना खुर्ची ज्या फरशीवरून ओढली त्याच फरशीवर ठेवायची. एकदा ते पाणी प्यायला उठले तेव्हा मी मुद्दाम त्यांची खुर्ची दोन फरश्या पुढे सरकवली. आले, बसले, बोलले. निघताना खुर्ची बरोबर पहिल्या फरशीवर नेली आणि म्हणाले, “शेठ, मी घेतली तिथे ठेवली. मधे कुणी हलवली ते त्याचं त्याने बघावं.”

मला ते शेठ म्हणायचे. डोंबिवली पूर्वेला एका जिन्याखाली माझं कॉम्प्युटरचं दुकान, खुर्च्या दोन आणि त्यातली एक मोडकी. त्यामुळे ह्या शेठमध्ये आदर किती आणि टोमणा किती, ह्याचा हिशेब मला कधी लागला नाही. माझी त्यांच्यावर तक्रार होती. एका माणसाने दुसऱ्या माणसाचं काम चौदा वेळा परत पाठवावं आणि चौदाही वेळा वर चहा पाजावा, ह्याला काय म्हणायचं? निदान चहा तरी पाजू नये. नीट भांडता येत नाही.

काकांनी ठाण्याजवळ कोलशेतच्या एका कंपनीत टूलरूमच्या खिडकीत सव्वीस वर्षं काढली होती. कामगाराने खिडकीवर आपला नंबर कोरलेला पितळी बिल्ला द्यायचा आणि पाना, ड्रिल, मायक्रोमीटर, जे लागेल ते घेऊन जायचं. बिल्ला भिंतीवरच्या खिळ्याला. हत्यार परत आलं की बिल्ला परत. पाळी सुटताना खिळ्यांवर एकही बिल्ला राहता कामा नये. काकांच्या वहीत दोनच रकाने होते, ‘दिलं’ आणि ‘परत’. ठाण्याच्या पट्ट्यात कंपन्या धडाधड बंद पडत होत्या त्या वर्षांत त्यांचीही बंद पडली. शेवटच्या दिवशी सगळे फाटकाबाहेर घोषणा देत होते आणि काका आत चार बिल्ल्यांकडे बघत उभे होते. चार हत्यारं परत यायची होती.

पुढचे पंधरा दिवस त्यांनी ती हत्यारं गोळा केली. कळव्याला एकाच्या घरी गेले, मुंब्र्याला एकाच्या, अंबरनाथला एकाच्या. चौथा कायमचा गावी गेला होता. त्याला पोस्टकार्ड टाकलं. तो बिचारा घाबरून एसटीने पाना घेऊन आला. चारही हत्यारं घेऊन काका कंपनीच्या फाटकावर गेले. वॉचमन म्हणाला, “अहो काका, आतली मशिनं पण उचलून नेली. हा पाना मी कोणाला देऊ?”

“कोणाला देऊ नकोस,” काका म्हणाले. “परत आला, एवढं वहीत लिही.”

ह्या माणसाचा आणि कॉम्प्युटरचा संबंध आला तो मुलामुळे. मुलाने डोंबिवलीतल्या एका क्लासला सी भाषा शिकायला नाव घातलं आणि आठवड्यात त्याला बडोद्याला नोकरी लागली. काका फी मागायला गेले. क्लासवाला म्हणाला, फी परत मिळणार नाही. हे वाक्य काकांना आयुष्यात कुणी ऐकवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वही, पेन्सिल, खोडरबर घेऊन काका मुलाच्या जागेवर जाऊन बसले. वय चोपन्न. शेजारच्या बाकावर अकरावीची मुलं.

तिथे त्यांना सी भाषेतली ती गोष्ट भेटली. ह्या भाषेत प्रोग्रामला काही साठवायचं असेल तर मशीनकडे मेमरीची जागा मागून घ्यावी लागते आणि काम झालं की ती आपणच परत करावी लागते. मशीन आठवण करत नाही. घेत राहिलात आणि परत केलं नाहीत, तर जागा संपते आणि प्रोग्राम मरतो. मास्तरांनी जागा घेणं तासभर शिकवलं आणि परत करणं दोन वाक्यांत उरकलं. वर म्हणाले, “एवढं टेन्शन घेऊ नका, प्रोग्राम संपला की सगळं आपोआप सुटतं.” काका उभे राहिले. “सर, आमची कंपनी संपली तेव्हा पण सगळं आपोआप सुटलं. पण ती चालू होती तोवर?” मास्तरांनी त्यांना नम्रपणे खाली बसवलं. ते बसले, पण त्यांना पुढच्या आयुष्याचं काम सापडलेलं होतं.

ओपन सोर्स हा शब्द तेव्हा नुकता कानावर येऊ लागला होता. ‘कानामात्रा’ नावाचा एक प्रोग्राम होता. साध्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर मराठी छापायचा. मालक कोणी नाही. पुण्याचे एक प्राध्यापक आणि ठिकठिकाणची तीसचाळीस माणसं मिळून तो लिहीत होती, ईमेलवरून एकमेकांना दुरुस्त्या पाठवत होती. दुरुस्तीला म्हणायचं पॅच. काकांनी मुलाच्या मित्राकडून प्राध्यापकांना ईमेल पाठवलं, ‘मी नवीन काही लिहिणार नाही. तुम्ही घेतलेलं परत केलंत का, एवढं बघीन.’ प्राध्यापकांनाही असा माणूस कुठून मिळणार? तेव्हापासून मेमरीला हात लावणारा प्रत्येक पॅच आधी ठाकुर्लीला काकांकडे जायचा. त्यांनी ‘तपासलं’ लिहिलं तरच पुढे.

आता माझा ह्यात पाय कसा अडकला ते सांगतो. मी शाळा सोडून टीव्ही दुरुस्त करत वर आलेला माणूस. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर-बाजारात पहिल्या सांगितलेल्या भावात मी आजवर एक स्क्रूसुद्धा घेतलेला नाही. फुकट हा शब्द मी दुकानात कुणाला उच्चारू द्यायचो नाही. पण एका शिक्षण संस्थेच्या पाच शाळा होत्या आणि त्यांना प्रगतिपुस्तकं मराठीत छापून हवी होती. कानामात्रा घेतला की ते काम माझं. मुख्याध्यापक भारी चिकित्सक.

“हा प्रोग्राम फुकट मिळतो म्हणता. मग उद्या बिघडला तर तुम्हाला काय कळणार त्यातलं? तुमचा संबंध काय?”

“सर, मी त्यातला माणूस आहे.”

“असं? मग त्यात लिहिणाऱ्यांच्या नावांची यादी असते म्हणे. त्यात दाखवा तुमचं नाव.”

यादीत चाळीस नावं होती. माझं नव्हतं. मुख्याध्यापक म्हणाले, यंदा आमच्या एका शाळेचं करून दाखवा, निकालापर्यंत यादीत नाव आणा, मग पाचही शाळा तुमच्या. आणि हे नाव यादीत जाण्याचा रस्ता एकच. एक पॅच लिहायचा आणि काकांकडून तो पास करून घ्यायचा.

पॅच कशावर लिहायचा हे मशीननेच सांगितलं. साठ प्रगतिपुस्तकं छापली की कानामात्रा बंद पडायचा. कुठेतरी जागा परत होत नव्हती. मी दोन आठवडे खपून दुरुस्ती लिहिली, तिची लांबलचक प्रिंट काढली आणि ती गुंडाळी काखेत मारून ठाकुर्लीला गेलो. डोंबिवलीहून एका स्टेशनासाठी ईमेल कशाला?

काकांच्या घरात पुढच्या खोलीतल्या भिंतीवर एक फळी होती, तिला खिळे, आणि खिळ्यांखाली डब्यात बिल्ले. कंपनीचे नव्हते, ते परत केले होते. हे त्यांनी स्वतः पत्र्याचे कापून घेतलेले. ते माझी प्रिंट एकेक ओळ बोटाने वाचायचे. प्रोग्रामने जागा घेतली की एक बिल्ला खिळ्याला. परत केली की बिल्ला खाली. मधे काकू चहा घेऊन यायच्या आणि मला हळूच सांगायच्या, “भाऊ, लवकर संपवा. कप मोरीत जाईपर्यंत ते पुढची ओळ वाचणार नाहीत.” वाचून झालं आणि खिळ्यावर बिल्ला उरला, तर काका ती ओळ शोधायचे आणि समासात लाल पेनाने लिहायचे, ‘परत’. म्हणजे, ही जागा घेतलीस, परत केली नाहीस. ह्या शेऱ्यावरूनच त्यांचं नाव पडलेलं. पहिल्या दिवशी माझ्या प्रिंटवर असे बारा शेरे होते.

दुसऱ्या खेपेला नऊ. चौथ्या खेपेला पाच. सातव्या खेपेला पुन्हा आठ, कारण पाच निस्तरताना मी नवीन आठ केले होते. आठव्या खेपेला दोन बिल्ले राहिले तेव्हा मी माझ्या पद्धतीने बोलायला बसलो.

“काका, बारावरून दोनवर आलो. आता सोडा की. दोनाने काय होतंय?”

“शेठ, टूलरूममध्ये दोन पाने कमी असले तर तिसऱ्या पाळीचं मशीन बंद राहतं.”

“बरं, एक मी करतो. एक तुम्ही सोडा.”

“कुठला सोडू?”

“तुम्ही ठरवा.”

“मग मी दोन्ही ठेवतो,” काका म्हणाले आणि फळीवरची धूळ पुसायला लागले. मी ती प्रिंट तिथेच टराटरा फाडली. काकांनी तुकडे गोळा केले, जुळवून बघितले, आणि म्हणाले, “तिसरं पान दिसत नाही.” ते माझ्या मुठीत होतं. दिलं. चडफडत जिना उतरलो. खाली आल्यावर लक्षात आलं की चप्पल विसरलो. वर गेलो तर काका दारातच माझी चप्पल जोडीने लावून उभे.

तरी त्या खेपांनी मला एक शिस्त लागली, हे मान्य करतो. ‘परत’ दिसलं की डोकं चालवायचं नाही. त्या ओळीतली जागा शोधायची आणि ती परत करून टाकायची. तेराव्या खेपेपर्यंत मी हे झोपेतही केलं असतं. आणि त्यानेच घात केला.

कानामात्रात जागा वाचवायची एक युक्ती होती. एकच नाव दोनदा साठवायचं नाही. एका शाळेत दोन भाऊ असतील तर त्यांच्या बापाचं नाव एकदाच साठवायचं आणि दोन्ही मुलांच्या नावांनी त्या एकाच नावाकडे बोट दाखवायचं. चौदाव्या खेपेला काकांनी माझ्या प्रिंटवर एकच शेरा मारला. बापाच्या नावाच्या ओळीसमोर लाल पेनाने लिहिलं होतं, ‘बाप परत!’

निकाल शनिवारी होता. मी खूश. एकच शेरा! बापाची जागा परत करायची राहिली, एवढंच ना? दुकानात येऊन प्रत्येक मुलाचं पुस्तक छापून झालं की मुलाच्या नावाबरोबर त्याच्या बापाचंही नाव परत करून टाकलं. प्रोग्राम चालवला. साठ गेली, शंभर गेली, सहाशे प्रगतिपुस्तकं न थांबता छापली. आता पंधराव्या खेपेला ठाकुर्लीला कशाला जायचं? गठ्ठे बांधले आणि शाळेत टाकले.

शनिवारी साडेदहाला मुख्याध्यापकांचा फोन. नुसतं “या” म्हणाले.

शाळेच्या आवारात गर्दी. खाडीकडच्या एका गावातली बाई पदर खोचून मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर उभी होती. “मोठ्याचा बापूस बरोबर लिवलाय,” ती म्हणत होती, “मंग धाकट्याचा बापूस ह्यो कोन? माज्या घरान दोन बापूस कदी आलं?”

तिचं एकटीचं नव्हतं. ज्या ज्या घरातली दोन मुलं शाळेत होती, तिथे पहिल्याचा बाप जागेवर आणि दुसऱ्याचा बाप भलताच. पहिल्या मुलाबरोबर मी बापाची जागा परत केलेली. मशीनने ती दुसऱ्याच नावाला दिली. धाकटा आपला त्याच जागेकडे बोट दाखवून उभा. त्यातही पाचवीतल्या चार मुलांचे बाप निघाले एकच, खुद्द शाळेचे पीटीचे मास्तर. मास्तरांची मुलगी त्या वर्गात होती, म्हणून त्यांचं नाव मशीनमध्ये. मास्तरांच्या सौ. त्याच शाळेत शिवण शिकवायच्या. त्या चारही प्रगतिपुस्तकं हातात धरून एका बाकावर बसल्या होत्या आणि मास्तर त्यांना सांगत होते, “अगं, ही कॉम्प्युटरची चूक आहे.” त्या म्हणाल्या, “चारदा?”

मुख्याध्यापक माझ्याकडे बघून म्हणाले, “तुमचं नाव यादीत येणार होतं ना? इथे तर सगळ्यांची नावं गेली.”

मी तिथून जो निघालो तो दुकानातून प्रिंट उचलून थेट ठाकुर्ली. जिना चढतानाच ओरडत होतो. काकांच्या समोर त्यांच्या शेऱ्याची ती प्रिंट आपटली. “हे कोणी लिहिलं? बाप परत! केला परत! सगळ्या गावाचे बाप परत केले! आता सांगा मला काय ते!”

काकू आतून आल्या, माझं तोंड बघून तशाच आत गेल्या. काकांनी चष्मा लावला. आपलाच शेरा वाचला. मग पुन्हा वाचला.

“शेठ, हे ते परत नव्हे,” शेवटी म्हणाले. “तुम्ही बापाला आधीच एकदा सोडलेलं होतंत, आणि खाली परत एकदा सोडत होतात. बाप परत! म्हणजे, अरे, परत? दुसऱ्यांदा?”

“मग तसं लिहायचं ना! तेरा वेळा परत म्हणजे परत आणि चौदाव्यांदा परत म्हणजे पुन्हा? मी काय अंतर्यामी आहे?”

वाटलं, आता हा माणूस भांडेल. मला ते हवंच होतं. काकांनी लाल पेन घेतलं, स्वतःच्या शेऱ्याभोवती गोल काढला आणि शेजारी लिहिलं, ‘चूक. एका शब्दाला दोन कामं दिली.’ खाली सही केली, तारीख घातली. मग पेनाला टोपण लावून विचारलं, “पण शेठ, शेवटची प्रिंट तुम्ही मला दाखवलीत का?”

मी आणखी मोठ्याने ओरडलो.

काकांनी मला तिथेच त्यांच्या मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरवर बसवलं आणि स्वतः फळीसमोर उभे राहिले. एका बिल्ल्यावर बाप लिहिलं. दोन बिल्ल्यांवर मुलं. बोलत गेले, मी टाइप करत गेलो. “बापाकडे किती मुलं बोट दाखवतात ते मोजा. एका मुलाचं काम झालं की एक कमी करा. शेवटचं मूल सुटेपर्यंत बापाला सोडायचं नाही.” ती ओळ त्यांनी सांगितली तशीच्या तशी मी टाइप केली, आणि ती आल्यावर माझी आधीची सगळी लांबण नको झाली, ती पुसली. आयुष्यात एक ओळ न लिहिणारा माणूस मला अक्षर न अक्षर सांगत होता, अर्धविरामासकट. फळी रिकामी झाली. त्यांनी प्रिंट उलटून मागे लिहिलं, ‘तपासलं’. मला वाटलं होतं हा शब्द मिळाला की मी उड्या मारीन. तेव्हा फक्त जांभई आली.

दुपारी नवीन पुस्तकं छापली. काका शर्ट बदलून माझ्याबरोबर शाळेत आले. मुख्याध्यापकांना म्हणाले, “चूक माझ्या शेऱ्यात होती. ह्यांनी मी लिहिलं तेच केलं.”

“आपण कोण?”

“मी टूलरूमचा,” काका म्हणाले.

चुकीची प्रगतिपुस्तकं तोवर घरोघर गेली होती. मी म्हणालो, नवीन देऊ, जुनी फाडतील. काका म्हणाले, “बाहेर दोन बाप फिरत राहतील.” त्यांनी यादी केली, दोन रकाने आखले, आणि रविवारी आम्ही दोघं दारोदार फिरलो. चुकीचं घ्यायचं, बरोबर द्यायचं, खूण करायची. कोणी हसलं, कोणी शिव्या दिल्या, त्या पदर खोचलेल्या बाईने आम्हाला सुकटीची चटणी आणि भाकरी वाढली. शेवटच्या घरी पाचवीतला एक पोरगा पुस्तक देईना. त्याच्यावर पीटीच्या मास्तरांचं नाव होतं. आई खाली मान घालून उभी. बाप आत पडलेला, दुपारीच पिऊन. पोरगा म्हणाला, “मला हेच चालेल. सर भारी आहेत.”

मी काकांकडे बघितलं. एका पुस्तकाने काय बिघडणार होतं? काका खाली बसले. मग म्हणाले, “बाळा, हे दुसऱ्याचे आहेत. परत द्यायला लागतात.” पोराने पुस्तक दिलं. काकांनी यादीवर खूण केली आणि रस्त्यावर आल्यावर दोन गल्ल्या चुकीच्या दिशेने चालत राहिले. मी त्यांना वळवून आणलं. त्या दिवसानंतर त्यांनी शेऱ्यात ‘परत’ फक्त परत करण्यासाठी लिहिलं. दुसऱ्यांदा झालं असेल तिथे ‘पुन्हा’.

माझं नाव यादीत एकेचाळिसावं लागलं आणि पाच शाळा मिळाल्या. मी यादी छापून, चौकट करून दुकानात लावली. काका येऊन वाचून गेले. मी विचारलं, “ह्यात तुमचं नाव कुठाय?”

“मी काय लिहिलंय? मी आवरलं फक्त.”

“अहो, अर्धा प्रोग्राम तुमच्यामुळे उभा आहे. मी बोलतो प्राध्यापकांशी.”

“नको. ज्याने लिहिली ओळ, त्याचं नाव. नियम चांगला आहे.” आणि चौकट केसभर वाकडी होती ती सरळ करून गेले.

दीड वर्षाने काका गेले. सकाळी दूध आणून पातेल्यात ओतलं, पिशवी धुऊन वाळत टाकली आणि खुर्चीत बसले ते बसलेच. लोकांच्या मागे उसनवाऱ्या निघतात, वाचनालयाची पुस्तकं निघतात. काकूंना परत करायला काही सापडलं नाही. कानामात्राच्या सगळ्या माणसांना प्राध्यापकांनी चार ओळींचं ईमेल लिहिलं, बाकीच्यांनी दोन दोन ओळी, आणि दुसऱ्या दिवसापासून पॅच सुरू.

माझं डोकं फिरलं. मी लिहिलं, त्यांचं नाव यादीत घाला, सगळ्यात वर. प्राध्यापकांचं उत्तर आलं, नियमाप्रमाणे निदान एक ओळ लिहिलेली हवी. मी म्हणालो, वर नको, खाली घाला. ते म्हणाले, वेगळं आभाराचं पान करू. मी म्हणालो, आभार लग्नाच्या अहेराला मानतात. तीन आठवडे हे चाललं. मी माझ्या आयुष्यात कुठलाही सौदा इतका ताणलेला नाही. ते काही हलेनात, आणि माणूस वाईट नव्हता, नियमाचा होता. तेव्हा मी नियमच हातात घेतला.

लिहिलं, ‘बापाच्या नावाची ती ओळ, जिच्यावर माझं नाव यादीत गेलं, ती माझी नाही. ठाकुर्लीच्या घरात त्यांनी अर्धविरामासकट सांगितली, मी टाइप केली. ती त्यांच्या नावावर करा. मग माझ्या नावावर एकही ओळ उरत नाही. नियमाप्रमाणे मला काढा. नावं एकेचाळीसची एकेचाळीस राहतील.’ सोबत पॅच जोडला. एक ओळ वजा, एक ओळ अधिक. प्राध्यापकांचं उत्तर दोन दिवसांनी आलं, एका शब्दाचं, ‘मान्य’.

पुढच्या वर्षी संस्थेने नवीन मुख्याध्यापक आणले. त्यांनी यादी उघडली, माझं नाव दिसलं नाही, आणि पाचही शाळा कल्याणच्या एका दुकानाला गेल्या. मी भांडलो, हरलो. त्याचा राग मला आजही आहे, आणि तो कोणावर काढायचा ते अजून ठरलेलं नाही.

पण ‘मान्य’ आलं त्या संध्याकाळी मी ठाकुर्लीला गेलो होतो. काकूंना सांगितलं, काकांचं नाव आलं. त्यांचे डोळे मोठे झाले.

“छापून आलं? कुठल्या पेपरात, भाऊ?”

“पेपरात नाही, काकू. कॉम्प्युटरमध्ये एक फाइल असते, तिच्यात.”

“मग लोक वाचतील ना?”

खोटं बोलायला मला एरवी वेळ लागत नाही. पण त्या भिंतीसमोर जमलं नाही. “नाही हो. ती फाइल सहसा कोणी उघडत नाही.”

काकूंनी जरा विचार केला आणि माझा रिकामा कप उचलला. “असं होय,” त्या म्हणाल्या. “मग चाललं असतं त्यांना.”